"झिरो करून देतो" म्हणणाऱ्यापासून जपून, नाशिकच्या एअरगनवाल्यांनो

नाशिकमध्ये कुणी एअर रायफलवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवून "५० मीटर झिरो करून देतो", म्हणजे ५० मीटरवर नेम धराल तिथेच छर्रा पडेल असं जुळवून देतो, म्हणत वेगळे पैसे मागत असेल तर आधी एवढंच विचारा, भाऊ, मारून बघणार कुठं? मला ज्याने गंडवलं त्याचं दुकान मेन रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे, नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण काउंटरपासून मागच्या भिंतीपर्यंत १० मीटर पण भरणार नाहीत. आणि तिथे म्हणे ५० मीटरचा झिरो.

माझी रायफल साधी, .१७७ ची म्हणजे ४.५ मिमी छर्ऱ्याची, नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगवाली. मखमलाबादकडच्या मळ्यात मातीच्या बांधासमोर डबे मांडून मारायचे, एवढीच हौस. त्याने ३-९x४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची) स्कोप दाखवला, इम्पोर्टेड आहे म्हणाला, "दादा टेन्शन घेऊ नका, रायफल ठेवून जा, संध्याकाळी सेट करून देतो." संध्याकाळी रायफलबरोबर एक टार्गेट कार्ड पण दिलं, मधोमध भोकांचा झुबका, खाली पेनाने ५० मी. ओके लिहिलेलं आणि शिक्का मारलेला. बघून कुणीही खूश होईल.

मळ्यात २५ मीटरवर छर्रे डावीकडे वीतभर लांब जायला लागले. म्हटलं ॲडजस्ट करू. पाव एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) स्कोप असला की त्याचा खटका फिरवताना एका क्लिकला १०० यार्डावर साधारण पाव इंच सरकतं, म्हणजे २५ मीटरवर २ मिमीच्या आसपास, तर २० क्लिकला ३-४ सेंटिमीटर फरक दिसायलाच हवा. काही नाही. अजून फिरवलं, काही नाही, आणि मग एकदम उडी मारून छर्रा दुसऱ्याच बाजूला. उजवीकडे २०, वर २०, डावीकडे २०, खाली २० असं चौकोनात फिरवून परत आलं की छर्रा पहिल्या भोकाजवळ पडायला पाहिजे, चांगला स्कोप ओळखायची हीच खूण, आणि माझा कधीच जागेवर आला नाही.

मग ते कार्ड नीट बघितलं. एक भोक झुबक्यापासून सुटं होतं, त्यात माझ्या डबीतला छर्रा ठेवला तर कडेला न लागता आरपार खाली पडला. माझा छर्रा ४.५ मिमीचा, भोक सरळसरळ ५.५ चं. म्हणजे ते कार्ड माझ्या रायफलचं नव्हतंच!

त्याने नळीत लेझर घालून भिंतीवर ठिपका जुळवला असणार, दुसरं काय. लेझर सरळ जातो हो, छर्रा खाली पडत जातो, आणि स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेला असतो, म्हणून छर्रा नजरेच्या रेषेला एकदा जवळ कापतो आणि एकदा लांब. ते दोन पॉइंट कुठे येणार हे तुमची रायफल, तुमचा छर्रा आणि स्कोपची उंची यावर ठरतं, छर्ऱ्याची डबी बदलली तरी झिरो हलतो. लेझरने फार तर पहिला छर्रा कागदावर पडेल, पुढचं मारूनच जुळवावं लागतं.

दुसरी लबाडी काचेत. तो स्कोप मोठ्या बंदुकीसाठीचा, पॅरॅलॅक्स १०० यार्डाला फिक्स, म्हणजे काच त्याच अंतरासाठी जुळवलेली, त्यामुळे रायफल वाळूच्या पिशवीवर स्थिर ठेवून नुसतं डोकं हलवलं तरी जवळच्या टार्गेटवर स्कोपमधला क्रॉस इकडेतिकडे फिरतो. एअरगनला एओवाला घ्या, म्हणजे अंतराप्रमाणे पॅरॅलॅक्स जुळवता येणारा, १० यार्ड इतक्या जवळही फोकस होणारा. आणि स्प्रिंग रायफल आधी मागे आणि मग पिस्टन थांबला की पुढे असा दुहेरी झटका देते, त्यात साधे स्कोप आतून खिळखिळे होतात. स्कोप धरून ठेवणाऱ्या माउंटला तो मागे सरकू नये म्हणून असते ती स्टॉप पिन पण नव्हती, रेलवर मागे सरकल्याचा चकचकीत ओरखडा आजही दिसतो.

परत गेलो तर म्हणे "तुम्ही क्लिक फिरवले, वॉरंटी गेली." बिल दिलंच नव्हतं आणि यूपीआयचे पैसे कुणा तिसऱ्याच्याच नावावर गेलेले. माझ्यासमोरच एका मुलाच्या वडिलांना तोच स्कोप १० मीटर कॉम्पिटिशनसाठी खपवत होता, आता तिथे स्कोप चालतच नाही, बारीक भोकातून नेम धरायची पीप साईट लावतात, हे रेंजवरचं शेंबडं पोरगं पण सांगेल. त्यांना बाहेर गाठून सांगितलं, वाचले बिचारे.

मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि कार्डाचा फोटो जोडून. त्यानंतर त्याचा फोन आला, बदलून दुसरा स्कोप देतो म्हणाला, मी नाही म्हटलं, पैसेच पाहिजेत. तुमच्याकडे असलं शिक्क्याचं कार्ड असेल तर आधी भोकं मोजा, जुळत नसतील तर फोटो द्या, तक्रारीला जोडतो.