डोटा पेट स्कॅन, नवी मुंबई: लॅब चोख, सूचना ढिसाळ

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरसाठी (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीसाठी) देवगड-मालवणाकडच्या पेशंटला डोटा स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी इंजेक्शन देऊन अशा गाठी दाखवणारा पेट स्कॅन, लिहून दिला, की पहिला प्रश्न ठरलेला: इंजेक्शन रत्नागिरीला मागवता येत नाही का? नाही. त्यातल्या किरणोत्सारी गॅलियम-६८ चं अर्धआयुष्य ६८ मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मं होतं. सहा तासांच्या रस्त्यात शंभरातलं जेमतेम अडीच टक्के उरतं. जिथे गॅलियम देणारा जनरेटर, तिथेच स्कॅन.

नवी मुंबईतल्या या सेंटरची हॉट लॅब (किरणोत्सारी औषध तयार करण्याची खोली) उत्तम. जनरेटरमधून काढलेलं गॅलियम डोटाटेट पेप्टाइडला (ते गाठीपर्यंत नेणाऱ्या रेणूला) जोडताना पीएच ४ च्या आसपास ठेवून गरम करतात. पीएच वर गेला तर गॅलियमचं हायड्रॉक्साइड होतं; लोखंड-जस्ताचा अंश शिरला तर तोच पेप्टाइडमधली जागा अडवतो. मग टीएलसी तपासणीत (गॅलियम नीट जोडलं गेलं का ते पाहणाऱ्या चाचणीत) बॅच नापास होते आणि जनरेटरमध्ये पुन्हा पुरेसं गॅलियम जमायला चारेक तास जातात. इथे अशी बॅच टोचत नाहीत, सरळ थांबवतात. याला पूर्ण गुण. तुम्ही मात्र परतीचं तिकीट दुपारच्या गाडीचं काढू नका, रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी बरी.

गुण कापलेत ते सूचनांसाठी. ‘सहा तास उपाशी या’ हा मेसेज सरसकट सगळ्यांना जातो. तो नियम नेहमीच्या पेट स्कॅनमधल्या एफडीजीचा, कारण ती साखर आहे. डोटाटेट चिकटतं गाठीच्या पेशींवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टरला (या हार्मोनच्या जोडजागेला); रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाने सकाळी पेज घेतली म्हणून काही बिघडत नाही. काँट्रास्ट सीटी (शिरेतून काँट्रास्ट औषध देऊन केलेला) सोबत असेल तर वेगळं. तेव्हा उपासाचं विचारून घ्या, किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्टही न्या.

जे विचारायला हवं ते मात्र फोनवर कोणी विचारत नाही: ऑक्ट्रिओटाइडचं (त्याच रिसेप्टरला चिकटणाऱ्या औषधाचं) महिन्याचं इंजेक्शन कधी झालं? स्कॅन पुढच्या डोसच्या अगदी आधी बसवायचा असतो. तारीख स्वतःहून सांगा. औषध परस्पर बंद करू नका.

रिपोर्ट वाचण्यासारखा असतो. प्लीहा, किडनी उजळ दिसणं नॉर्मलच. पण स्वादुपिंडाच्या डोक्याकडल्या अनसिनेट भागातली फिकट चमकही बऱ्याचदा नॉर्मल असते, आणि तिथे ‘गाठ?’ लिहून घरच्यांची झोप उडवणारे कमी नाहीत. इथे तसं होत नाही. क्रेनिंग स्कोअर (गाठ किती उजळ दिसते त्याचा आकडा) स्पष्ट लिहितात. गाठ यकृतापेक्षा उजळ असेल तरच ल्युटेशियम-१७७ च्या थेरपीचा (गाठीवर आतून किरणं सोडणाऱ्या उपचाराचा) विचार होतो, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. निघताना सीडी मागून घ्या, आपणहून देत नाहीत.