व्हीजीए पोर्ट असलेलं '१०५० टीआय' ग्राफिक कार्ड घेण्याआधी हे वाचा

माझा भाचा डिचोलीला राहतो, ॲनिमेशन शिकतो. घरातला डेस्कटॉप जुना, तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह आणि ३०० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. ब्लेंडर या थ्रीडी ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये साधा सीन रेंडर करायचा, म्हणजे त्याचं पक्कं चित्र काढायचं, तर रात्र जायची. चतुर्थीला लोकांची मखरं करून त्याने पैसे जमवले आणि एनव्हिडिया कंपनीचं सेकंडहँड ग्राफिक कार्ड, जीटीएक्स १०५० टीआय, घ्यायचं ठरवलं. निवड अगदी योग्य होती. ते कार्ड ७५ वॉटचं, तेवढी वीज मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळते, त्यामुळे बहुतेक मॉडेलांना एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही. जुन्या मशीनवाले सगळे त्याच्याच शोधात असतात, आणि म्हणूनच नकली माल त्याच नावाने येतो.

म्हापशातल्या एका दुकानात कार्ड मिळालं. दुकानदाराने आपल्याच मशीनला लावून विंडोजमध्ये नाव दाखवलं : जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. भाच्याचा मॉनिटर व्हीजीएचा, म्हणजे जुन्या ॲनालॉग जोडणीचा, आणि कार्डालाही व्हीजीए पोर्ट. 'मॉनिटर लेगीत बदलपाची गरज ना, कसलोच प्रॉब्लेम येवचो ना,' (मॉनिटरसुद्धा बदलायला नको) असं दुकानदार म्हणाला. पोरगं खूश झालं.

खरी खूण तेच पोर्ट होतं. २०१६ साली आलेल्या १० सिरीजपासून (१०५० टीआय तिच्यातलंच) एनव्हिडियाच्या चिप्स ॲनालॉग सिग्नल देतच नाहीत. अस्सल १०५० टीआयला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय-डी असतं. त्या डीव्हीआयच्या आडव्या चिरेभोवतीची चार भोकंही नसतात. व्हीजीए दिसलं की समजायचं, आत दुसरीच चिप आहे. आणि जुना मॉनिटर असलेल्या माणसाला नेमकं तेच पोर्ट सोयीचं वाटतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, दुकानदाराने पेनड्राइव्हवरून घालून दिला आणि वर 'अपडेट करू नको' असं बजावलं. घरी आल्यावर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये कूडाखाली (कार्डाकडून रेंडर करून घ्यायची एनव्हिडियाची सोय) कार्डच दिसेना. जरा जड सीन उघडला की स्क्रीनवर रंगीत चौकडे यायचे. कंपनीच्या साइटवरचा नवा ड्रायव्हर घातला तर मशीन निळ्या स्क्रीनवर अडकलं. मग मी त्याला जीपीयू-झेड चालवायला सांगितलं. कार्डाच्या आतली माहिती दाखवणारं हे प्रोग्रॅम फुकट मिळतं. २०१८पासून ते अशी कार्डं ओळखतं आणि नावाच्या आधी चौकोनी कंसात 'फेक' लिहितं. तसंच लिहून आलं. आतली चिप जीएफ१०६, म्हणजे २०१० सालचं जीटीएस ४५०.

विंडोज जे नाव दाखवतं ते कार्डावरच्या बायोसमधल्या, म्हणजे कार्डातच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅममधल्या, माहितीवरून ठरतं, आणि तो बायोस पुन्हा लिहिता येतो. नाव बदलायचं, १ जीबी मेमरीला ४ जीबी म्हणायचं, झालं काम. मेमरी खरोखर लागली की मात्र कार्ड कोसळतं. अस्सल कार्डात ७६८ कूडा कोअर असतात, यात १९२. ही जुनी चिप ज्या पिढीची, त्या फर्मी पिढीला नव्या ड्रायव्हरचा आधार २०१८ सालीच संपला, आणि ब्लेंडरनेही २.८पासून तिच्यावर रेंडर करणं बंद केलं. शिकणाऱ्या मुलाच्या हातात सोळा वर्षांच्या आसपासचं कार्ड कोऱ्या नावाने ठेवणं ही माझ्या मते सरळ चोरी आहे. मालाची पारख नसलेलं गिऱ्हाईक ही काही मोकळीक नव्हे.

दुकानदार आधी 'टेस्टिंग वॉरंटी संपली' म्हणाला. बिलावर फक्त 'ग्राफिक कार्ड ४ जीबी' एवढंच, ना मॉडेल ना सिरियल नंबर. आम्ही जीपीयू-झेडचे फोटो दाखवले, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि लेखी नोटिशीचा मसुदा त्याच्यासमोर ठेवला. तेव्हा पैसे परत आले. कार्ड त्याने जपून कापडात गुंडाळून आत ठेवलं, मोडलं नाही. ते दुसऱ्या कुणाला विकलं जाईल अशी मला खरीच धास्ती आहे, म्हणून हे लिहितोय.

सेकंडहँड कार्ड घ्यायला जाताना जीपीयू-झेड आपल्याच पेनड्राइव्हवर न्या, दुकानातल्या मशीनवर समोर चालवायला लावा. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून घालायला सांगा. नकली कार्ड बहुधा तिथेच उघडं पडतं. विकणारा याला नकार देत असेल तर उठून यावं. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, रक्कम यूपीआयने द्या.

ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी आज कॅबिनेटच्या मागे वाकून पोर्टं बघावीत. दुकानातून घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिल हरवलं असेल तर यूपीआयची नोंद आणि दुकानदाराशी झालेले मेसेज पुसू नका.