५००० एमएएचची लायपो बॅटरी: शेततळ्यावरच्या एका हंगामानंतर

गेल्या दिवाळीत भाच्याच्या रिमोटवर चालणाऱ्या स्पीडबोटीसाठी बडोद्यातल्या एका छंदसाहित्याच्या दुकानातून तीन सेलची, ११.१ व्होल्टची, ५००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे ५ अँपिअर-तास) क्षमतेची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेतली आणि महिनाभराने तशीच दुसरी घेतली. एक अजून उत्तम चालते, दुसरी गॅलरीत वाळूच्या कुंडीत पडून आहे. दोन्ही एकाच बनावटीच्या असल्याने हा अभिप्राय जितका बॅटरीवर आहे तितकाच आमच्या वापरण्यावरही आहे.

आमच्या शहरात पाणी आहे, पण विश्वामित्रीत बोट सोडण्याचा विचारही कोणी करत नाही, कारण मध्येच बंद पडलेली बोट आणायला मगरींच्या नदीत उतरणार कोण? आम्ही वाघोडियाच्या बाजूला ओळखीच्यांच्या शेततळ्यावर जातो. तिथेही प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या निसरड्या उतारावरून पाण्यात उतरणे जिवाशी खेळ आहे, म्हणून बोट स्वतःच्या बळावर काठाला परत आली पाहिजे, ही आमची बॅटरीकडून पहिली अपेक्षा, आणि वेगाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

वेष्टनावर ‘५०सी’ असे ठळक छापलेले आहे. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट प्रवाह बॅटरी सतत देऊ शकते त्याचे माप. त्या हिशेबाने ही बॅटरी २५० अँपिअर देईल असा दावा झाला. गंमत अशी की तिला जो पिवळा एक्सटी-६० कनेक्टर जोडलेला आहे, तो नावाप्रमाणे ६० अँपिअरच्या घरातलाच. सुदैवाने आमच्या बोटीची भूक वॉटमीटरवर पूर्ण थ्रॉटलला ४१ अँपिअर भरली, त्यामुळे खऱ्या २०सीची बॅटरीही आम्हाला पुरली असती आणि छापील आकडा फुगवलेला असल्याने आमचे काही अडले नाही. घेणाऱ्याने आधी आपल्या बोटीचा प्रवाह मोजावा, त्याच्या दुप्पट प्रवाह निर्धास्तपणे देईल अशी बॅटरी घ्यावी आणि बाकी जाहिरात दुकानातच सोडून यावी.

क्षमता मात्र तपासून पाहिली. पूर्ण भरलेल्या बॅटरीला मोटारीचा १२ व्होल्टचा, ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब लावला आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक सेलचा व्होल्टेज वहीत टिपत बसलो. साधारण तासाभराने सेल ३.३ व्होल्टवर आले तेव्हा बल्ब काढला. नंतर चार्जरने परत भरलेला आकडा ४४८० एमएएच निघाला. छापील ५००० च्या मानाने दहा टक्के तूट, ती मी मान्य करतो. तिन्ही सेल शेवटपर्यंत एकमेकांपासून ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फाकले नाहीत, हे मला क्षमतेपेक्षा मोलाचे वाटते.

तळ्यावर आम्ही घड्याळ लावूनच खेळतो. सात मिनिटांत साधारण ३४०० एमएएच खर्च होतात, म्हणून सातव्या मिनिटाला बोट काठाला, मग ती कितीही जोरात पळत असो. मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरचा कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरला की मोटर थांबवणारी सोय, हा शेवटचा पहारेकरी आहे, रोजचा नव्हे.

दुसरी बॅटरी नेमकी याच बाबतीत गेली. कंट्रोलर आधीच्या निकेल बॅटरीच्या सेटिंगवर राहिल्याने कटऑफ वेळेवर लागला नाही, मी पाहुण्यांत गुंतलो होतो, आणि घड्याळाचे भाच्याला भान राहिले नाही. “मामा, बोट दमल्यासारखी चालतेय,” असे तो म्हणेपर्यंत मधला सेल २.६ व्होल्टपर्यंत उतरला होता. लायपोचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडू लागतो. घरी चार्जरने ती भरायला नकार दिला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, “निकेल मोडवर दोन मिनिटं लावा, उठेल.” असे कधीही करू नये. निकेल मोडमध्ये चार्जर सेलागणिक लक्ष ठेवत नाही, आणि दुखावलेल्या सेलमध्ये जबरदस्तीने प्रवाह ढकलणे म्हणजे घरात आगीला आमंत्रण. बॅटरी दुसऱ्या दिवशी बोटाला जाणवेल इतकी फुगली होती.

आमचा चार्जर ५० वॅटचा आहे. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर, म्हणजे १सी हा सुरक्षित वेग, पण १२ व्होल्टच्या आसपास हा चार्जर चार अँपिअरच्या वर फारसा जात नाही. खेळून आलेली बॅटरी भरायला सवा ते दीड तास धरावा. सगळे सेल सारखे भरावेत यासाठी असलेला पांढरा बॅलन्स प्लग प्रत्येक वेळी लावायचा, गॅलरीतल्या कोटा फरशीवर ठेवून भरायचे आणि तेवढा वेळ कोणीतरी जवळ बसायचे, असा आमच्या घरी दंडक आहे. वहिनी दिवाणावर चार्जर दिसला की सरळ प्लग उपटतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

खेळ नसेल तेव्हा सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवतो, कारण भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर तशीच म्हातारी होते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ती विसरणे सर्वांत वाईट. बोटीतही थंड पाण्याची नळी मोटर आणि कंट्रोलरभोवती फिरते, बॅटरीपर्यंत पोचत नाही. बंद सांगाड्यात ती तापते, म्हणून दोन फेऱ्यांमध्ये झाकण उघडून हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. एकदा आत पाणी शिरले आणि बॅलन्स प्लगच्या पिनांवर हिरवट थर आला. तेव्हापासून तिथे सिलिकॉन ग्रीसचे बोट लावतो, आणि भिजलेली बॅटरी दिवसभर उघड्यावर निरखल्याशिवाय चार्जरला लावत नाही.

माझ्या स्वतःच्या संथ टगबोटीत ही बॅटरी मी घालणार नाही. तिथे चार सेलची, १२.८ व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली आहे. ती उष्णतेला बरीच अधिक सोसते आणि जुन्या शिशाच्या बॅटरीची जागा सहज घेते. फक्त चार्जरवर ‘लाय-फे’ मोड निवडावा लागतो, नाहीतर सेल ३.६ ऐवजी ४.२ व्होल्टपर्यंत ताणले जातील. शिसे गेल्याने बोट इतकी हलकी झाली की डुलू लागली, आणि मला पुन्हा बाजारातून शिशाचे छर्रे आणून तळाशी भरावे लागले!

पहिली बॅटरी मी पुन्हा घेईन, दुकान मात्र बदलीन. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तरीही फुगलेली बॅटरी घेऊन गेलो तेव्हा, “आमच्याकडे नाही, भंगारात द्या,” एवढेच उत्तर मिळाले. भंगारवाल्याच्या हातगाडीत ती चेपली गेली तर काय होईल याची कल्पना असल्याने, लहानशा बल्बवर तिचा उरलासुरला जोर संपवून, टोकांना चिकटपट्टी गुंडाळून ती कुंडीत ठेवली आहे, आणि ई-कचरा गोळा करणाऱ्या परवानाधारक केंद्राकडे मीच नेऊन देणार आहे.