फाटलेल्या नखाला ठिगळ : सात महिने वापरल्यावर

दिवाळीनंतर अमळनेरजवळ माहेरच्या शेतात कापूस वेचायला गेले होते. वाळलेल्या बोंडाचं टोक लागून उजव्या अंगठ्याचं नख कडेने आडवं चिरलं. रक्त नव्हतं, पण माझं काम शिवणाचं. तुरपाईला, दुमड दाबायला तोच अंगठा लागतो, आणि फॉल लावताना असं नख अडकलं की गिऱ्हाइकाच्या साडीचा धागा ओढला जातो.

घरात चपला जोडायच्या झटपट गोंदाची ट्यूब होती. चिरेवर कापसाचा तुकडा ठेवला आणि वर दोन थेंब सोडले. दोन-तीन सेकंदांत कापूस कडक झाला आणि इतका तापला की मी किंचाळले. आई धावत आली, "काय व्हयनं वं माय?" नखाच्या मुळाशी फोड आला होता. हा गोंद सुती धाग्यात पसरला की एकदम घट्ट होतो आणि त्यातून उष्णता निघते, हे डॉक्टरांकडून तेव्हा कळलं. आपल्याकडे घरोघरी कापूस असतो, म्हणून हे सगळ्यात आधी सांगते: गोंद आणि कापूस एकत्र आणू नका. सुती कापडही नको. भाजलंच तर बोट वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, चिकटलेलं ओढून काढू नका.

फोड बरा झाल्यावर जळगावहून नखांसाठीचा गोंद आणला. जात तीच, सायनोअ‍ॅक्रिलेट, पण हा नखासाठी बनवलेला आणि ब्रशने पातळ लागतो. सोबत टी-बॅगचा कागद. चहा झटकून टाकायचा आणि चिरेपेक्षा थोडा मोठा तुकडा कापायचा. नखावर तेलाचा अंश नको. मी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देते. मग गोंदाचा एक पातळ हात, चिमट्याने कागद, वरून पुन्हा एक हात. कागद भिजला की पारदर्शक होतो आणि नखात मिसळून जातो. वाळल्यावर बारीक कानस एकाच दिशेने, कातडीला न लावता.

भांडी-धुणं करताना रबरी मोजे घातले तर ठिगळ आठ-नऊ दिवस टिकलं, नाही घातले तर चौथ्या दिवशी कड सुटली. सुटलेली कड कधी उपटली नाही. एकदा शेजारच्या मुलीने उपटली, तर नखाचा वरचा पापुद्रा सोबत आला. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला बोळा दहा-पंधरा मिनिटं ठेवला की गोंद मऊ होतो. हे मी ओट्यावर करत नाही, अंगणात करते. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेतं. नंतर खोबरेल तेल. कड सुटून आत पाणी राहिलं तर नखाला हिरवट झाक येऊ शकते. तसं दिसलं तर ठिगळ काढायचं, त्यावर दुसरं चढवायचं नाही आणि नख डॉक्टरांना दाखवायचं.

बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. माझी चीर टोकापासून पाच मिलिमीटर आत होती, म्हणजे दीड-पावणेदोन महिने ठिगळावर काढायचे होते. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत चीर कापण्याजोगी वर आली. एप्रिलमध्ये उन्हाने नखं इतकी कोरडी पडली की दोन बोटांना पुन्हा ठिगळ लावावं लागलं. ट्यूब त्या उकाड्यात घट्ट झाली. आता झाकण लावून फ्रिजच्या दारात उभी ठेवते.

मे महिन्यात मात्र वेगळं घडलं. पत्र्याच्या कोठीचं झाकण तर्जनीवर पडलं आणि नख जिव्हाळीपर्यंत फाटलं, रक्त आलं. जाऊ म्हणाली, तुझा तो गोंद लाव की. मी लावला नाही. उघड्या जखमेवर गोंद म्हणजे घाण आत कोंडणं. साबण-पाण्याने धुतलं, लोंबता कोपरा उकळलेल्या नेलकटरने कापला, सैल पट्टी बांधली आणि पत्रा गंजका म्हणून त्याच दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. सासूबाईंनी नखुर्ड्यावर बांधतात तसं लिंबू काढून ठेवलं होतं, तेही फाटलेल्या मांसावर नको म्हटलं. ठणका वाढला, पू दिसला किंवा लाली पेरापर्यंत आली असती तर पुन्हा दवाखाना गाठला असता. सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांच्या बोटाला असं झालं तर मी एक दिवसही थांबणार नाही.

त्या बोटाला महिनाभर अंगुस्तान घालता आलं नाही, लग्नसराईचे चार ब्लाउज परत द्यावे लागले. आता नवं नख अर्ध्यावर आलंय, गुलाबी आणि सरळ.