मेटाबेस कुठे चालवायचं: तयार प्लॅटफॉर्मवर की मुंबई रीजनमधल्या आपल्या मशीनवर?

मेटाबेस आणि सुपरसेट ही दोन्ही डेटाबेसमधले आकडे चार्ट आणि डॅशबोर्डवर दाखवणारी टूलं. त्यातलं कुठलं घ्यावं हा वाद इथे नको. आमच्या ऑफिसात एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येणारे कमी आणि "कालचा सेल किती झाला रे?" विचारणारे जास्त, म्हणून मेटाबेस. सुपरसेट ताकदीचं आहे, पण वेळापत्रकानुसार रिपोर्ट मेल करायचे म्हटलं की कामं रांगेत लावायला रेडिस, ती उरकायला सेलरीचे वर्कर आणि चार्टचे फोटो काढायला एक हेडलेस (खिडकी न दिसणारा) ब्राउझर, एवढा संसार मांडावा लागतो. मेटाबेसला एक जावा प्रोसेस आणि शेजारी एक पोस्टग्रेस डेटाबेस, एवढं पुरतं.

ते ठेवायचं कुठे, हा खरा प्रश्न. एका बाजूला हेरोकू, रेंडर अशा जातीचे प्लॅटफॉर्म: डॉकर इमेज (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं) दाखवा, बटण दाबा, ॲप उभं. दुसऱ्या बाजूला ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमधलं साधं लिनक्स मशीन, त्यावर ॲप चालवायला डॉकर कंपोज आणि पुढे दरवाजा सांभाळायला कॅडी हा वेब सर्व्हर. मी दोन्ही चालवलंय. आमचं काम औषधांच्या घाऊक वितरणाचं. गोडाऊन भिवंडीला, ऑफिस अंधेरीला आणि मूळ डेटाबेस मुंबई रीजनमध्येच.

पहिल्या दिवशी प्लॅटफॉर्मच जिंकतो, यात वाद नाही. डोमेन, सर्टिफिकेट, लॉग, क्रॅश झाल्यावर रीस्टार्ट, सगळं आयतं. फक्त फुकटात भागेल या आशेवर राहू नका. हेरोकूने फुकट डायनो (ॲप चालवणारे कंटेनर) नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केले. रेंडरच्या फुकट प्लॅनमध्ये ५१२ एमबी मेमरी मिळते, त्यात जावाचा जीव गुदमरतो, शिवाय १५ मिनिटं कोणी फिरकलं नाही की ॲप झोपतं. मेटाबेसला निदान १ जीबी द्या, २ जीबी दिलीत तर डोकं शांत राहील. मेटाबेससोबत येणाऱ्या एचटू डेटाबेसच्या फाइलवर चालवायचं नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. अशा प्लॅटफॉर्मची डिस्क दर डिप्लॉयला कोरी होते.

अपग्रेडच्या वेळी मात्र थोडी कुरबुर होते. नवीन आवृत्ती सुरू होताना आधी मायग्रेशन (जुन्या नोंदी नव्या रचनेत बसवण्याचं काम) चालवते, तोवर पोर्ट काही उत्तर देत नाही. अधीर प्लॅटफॉर्म तेवढ्यात कंटेनर मारतो, मायग्रेशनचं लॉक तसंच अडकून राहतं, आणि पुढच्या वेळी ॲप त्या लॉकसमोर ताटकळतं. रिलीज-लॉक्सची कमांड चालवली की सुटतं, पण ती चालवायला शेल (कमांड टाइप करायची सोय) मिळायला हवी. आपल्या मशीनवर आधी पोस्टग्रेसचा डंप (बॅकअप) घ्यायचा, इमेज पुल करायची आणि लॉग बघत बसायचं. कोणी मारायला येत नाही.

एवढ्यावरून मी काही प्लॅटफॉर्म सोडला नसता. सोडला तो आयपीमुळे, म्हणजे ॲपच्या इंटरनेटवरच्या पत्त्यामुळे.

आमच्या डेटाबेसच्या फायरवॉलमध्ये ठरावीक पत्तेच चालतात आणि ती फायरवॉल ईआरपी (खरेदी-विक्री-हिशेबाचं सॉफ्टवेअर) पुरवणाऱ्या व्हेंडरच्या हातात आहे. पत्ता घालायचा तर मेल, मेलवर तिकीट, तिकिटावर मंजुरी. मी वापरत होतो त्या प्लॅटफॉर्मवर ॲप रीस्टार्ट झालं की कधी जुन्याच होस्टवर उठायचं, कधी नव्या. आणि होस्ट बदलला की बाहेर जाण्याचा पत्ताही बदलायचा. सोसायटीचा वॉचमन गाडीचा नंबर बघून गेट उघडतो आणि तुम्ही रोज वेगळ्या टॅक्सीने घरी येता, तशी गत.

यातली खरी चीड वेगळीच. मेटाबेस पडलेलं नसतं! हेल्थ चेक हिरवा, लॉगिन व्यवस्थित, डॅशबोर्ड उघडतो, आणि प्रत्येक कार्डावर आकड्याच्या जागी एरर. प्लॅटफॉर्मच्या लेखी सगळं आलबेल, व्हेंडरच्या लेखीही आलबेल. सोमवारी सेल्स मीटिंगच्या आधी साहेबांचा फोन येतो, "तुझं ते मेटाबेस परत बंद पडलं काय?" आणि अंधेरीच्या ब्रिजवरच्या गर्दीत उभं राहून त्यांना आउटगोइंग आयपी समजावायचा. मेटाबेससारख्या बीआय (रिपोर्टच्या) टूलचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या डेटाबेसवर अवलंबून असतं. साध्या वेबसाइटला ही अडचण जाणवणारही नाही, इथे तीच नेमकी बोचते.

उपाय आहेत, नाही असं नाही. प्लॅटफॉर्मची अख्खी आयपी रेंज उघडता येते. पण त्याच रेंजमधून इतरही ग्राहक बाहेर पडतात आणि आमच्या डेटाबेसमध्ये दुकानदारांची उधारी असते. स्थिर आयपीचं ॲड-ऑन मिळतं, त्याचे पैसे वेगळे आणि प्रॉक्सीची खटपट वेगळी. मेटाबेसमध्ये एसएसएच टनेलची (मधल्या मशीनमार्गे डेटाबेसपर्यंत सुरक्षित वाट काढायची) सोयही आहे. पण टनेलचं दुसरं टोक टेकवायला स्थिर पत्ता असलेलं एक मशीन लागतंच. ते मशीन घ्यायचंच असेल तर मेटाबेस त्याच्यावरच का ठेवू नये, याचं उत्तर मला सापडलं नाही.

मशीनला स्थिर पत्ता एकदाच लावला, व्हेंडरला एकदाच मेल केली. ॲमेझॉन फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला ०.००५ डॉलर घेतं, म्हणजे महिन्याला ३.६ डॉलरच्या आसपास. तेवढ्यात सोमवारचा तो फोन बंद होणार असेल तर महाग नाही.

वेगाचं मी मोजमाप केलेलं नाही. प्लॅटफॉर्मवरचं ॲप सिंगापुरात आणि डेटा मुंबईत असताना कार्डं एकेक करून उगवायची, आता डॅशबोर्ड एकदम भरल्यासारखा वाटतो. आमचे अकाउंटचे काका आधी चार्ट यायची वाट बघण्यापेक्षा एक्सेल बरं म्हणायचे. हल्ली म्हणत नाहीत. त्यात मशीनची मेमरी वाढल्याचाही वाटा असेल.

काकांना अजून एक गोष्ट पटली, ती म्हणजे बिल. ॲमेझॉनची भारतातली कंपनी रुपयांत जीएसटीचं इनव्हॉइस देते. परदेशी प्लॅटफॉर्मची वसुली डॉलरमध्ये कार्डावरून होते आणि ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप वसुलीला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मँडेट (ग्राहकाने आधी नोंदवलेली संमती) लागतो. ज्या प्लॅटफॉर्मना ते जमलेलं नाही त्यांचा हप्ता बँकेतच अडकतो.

आपल्या मशीनचं दुखणं लपवत नाही. सिक्युरिटी अपडेट तुमचे, बॅकअप तुमचा, डॉकरच्या लॉगनी डिस्क भरली तर ती साफ करणारेही तुम्हीच. मेटाबेसमध्ये डेटाबेसचे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारी एन्क्रिप्शन सीक्रेट की लावली असेल तर ती मशीनबाहेर कुठेतरी नीट जपा; हरवली तर सगळ्या डेटाबेसचे पासवर्ड पुन्हा भरत बसावं लागतं. ऑफिसात एसएसएच येणारा एकच माणूस असेल आणि तो गणपतीला आठवडाभर कोकणात जात असेल, तर प्लॅटफॉर्मच घ्या, मी अडवणार नाही. मीही जातो, अजून तरी कोकणातून लॅपटॉप उघडायची वेळ आलेली नाही.

काहीही निवडलंत तरी मेटाबेसच्या सेटिंगमध्ये रिपोर्ट टाइमझोन आशिया-कोलकाता करून घ्या, नाहीतर यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) हिशेबाने "आजची विक्री" पहाटे साडेपाचला सुरू होते. आणि प्लॅटफॉर्मकडेच कल असेल तर पैसे भरण्याआधी त्यांच्या सपोर्टला एवढंच लेखी विचारा: आउटगोइंग आयपी स्थिर मिळेल का, आणि मिळाला तर तो फक्त आमचा असेल की चारचौघांत वाटलेला?