मोतीबिंदूचं ऑपरेशन: फेको की एसआयसीएस, आणि लेन्स कोणती?

आईचा उजवा डोळा दिवाळीनंतर झाला, मोठ्या काकांचा डावा संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. आई पुण्यात आमच्याकडे असते. तिचं फेको झालं, म्हणजे डोळ्यातलं धूसर झालेलं भिंग अल्ट्रासाउंडनं फोडून काढलं, खाजगी रुग्णालयात. काका कोरेगाव तालुक्यात शेती बघतात. त्यांचं ऑपरेशन एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात झालं, एसआयसीएस पद्धतीनं, म्हणजे थोड्या मोठ्या छेदातून भिंगाचा गाभा सबंध काढून. दोन्ही वेळेला सोबत मीच होते, थेंबही मीच घातले. त्यामुळे नात्यात कुणाला मोतीबिंदू सांगितला की "कुठलं करावं गं?" म्हणून फोन माझ्याकडे येतो. मी डॉक्टर नाही. पण ज्यांना लवकरच ठरवायचं आहे त्यांच्यासाठी दोन्ही बाजू मांडते, आणि माझं मत कुठे आहे तेही सांगते.

आता, की पिकू द्यायचा?

"पिकू दे, मग काढू" हा सल्ला घरोघरी मिळतो. एके काळी तो बरोबर होता. तेव्हा मोठा छेद घेऊन अख्खं भिंग बाहेर काढायचे, टाके घालायचे आणि वरून जाड काचेचा चष्मा द्यायचे. एवढं सोसायचं तर अगदीच दिसेनासं झाल्यावर, हे कुणालाही पटेल. आज नेमकं उलट आहे. मोतीबिंदू जितका पिकतो तितका तो कडक होतो, आणि कडक भिंग फोडायला फेकोमध्ये जास्त ऊर्जा लागते. त्याचा ताण कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, येतो. पार पांढरा झालेला मोतीबिंदू कधी कधी फुगतो, डोळ्याचा दाब वाढवतो, आणि मग ऑपरेशन रातोरात करण्याची पाळी येते.

म्हणून दिसला मोतीबिंदू की लगेच काढा, असंही नाही. आईच्या कागदांवर चार वर्षं 'सुरुवातीचा मोतीबिंदू' असंच लिहिलेलं होतं आणि तिचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं की वेळ झाली. काकांना संध्याकाळी मोटरसायकलवर समोरच्या गाडीचा दिवा फुटून पसरल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा त्यांची वेळ झाली होती. त्याआधी वर्षभर ते खुशीत होते, कारण पेपर चष्म्याशिवाय वाचता यायला लागला होता. डोळे सुधारले, असं त्यांना वाटलं. खरं तर भिंग कडक होत चाललं की नंबर मायनसकडे सरकतो आणि जवळचं काही दिवस बरं दिसतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा वाचायचा चष्मा असा अचानक सुटला तर डोळे तपासून घ्या.

फेको, एसआयसीएस आणि 'लेझरवालं'

फेकोमध्ये साधारण 2.2 ते 2.8 मिलिमीटरचा छेद असतो. त्यातून बारीक सुई आत जाते, अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी भिंग फोडते आणि शोषून घेते. ही कल्पना 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी प्रत्यक्षात आणली. दातांच्या डॉक्टरांचं दात साफ करायचं यंत्र बघून ती त्यांना सुचली होती. एसआयसीएसमध्ये छेद 6 ते 7 मिलिमीटरचा, डोळ्याच्या पांढऱ्या भागात बोगद्यासारखा तिरका घेतात आणि भिंगाचा गाभा सबंध बाहेर काढतात. बोगदा आतल्या दाबानं आपोआप मिटतो, म्हणून बहुतेक वेळा टाका इथेही लागत नाही. "फेको म्हणजे बिनटाक्याचं आणि दुसरं टाक्याचं" हा समज चुकीचा आहे.

या दोन पद्धतींची समोरासमोर परीक्षा आपल्या पुण्यातच झालेली आहे. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 डोळ्यांवर केलेला हा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय 6/18 (निकोप डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोच्या गटात सुमारे 81 टक्के होते, एसआयसीएसच्या गटात 71 टक्के. योग्य नंबरचा चष्मा लावल्यावर मात्र दोन्ही गट 98 टक्क्यांवर सारखे. फरक आहे, तो इतकाच आहे. छेद मोठा असल्यानं सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे कॉर्नियाच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर, थोडा जास्त येतो, आणि तो चष्म्यानं जातो.

काकांचा मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा झालेला. डॉक्टर म्हणाले, "अशा भिंगावर फेकोची सुई चालवत बसण्यापेक्षा मला हेच सुरक्षित वाटतं." मला ते पटलं. नात्यात मात्र कुजबुज झाली की काकांचं 'स्वस्तातलं' केलं. तसं अजिबात नव्हतं. कडक मोतीबिंदूला सराईत हाताचं एसआयसीएस हा उत्तम पर्याय आहे आणि त्याबद्दल कुणी कमीपणा वाटून घेऊ नये.

'लेझरवालं' म्हणजे फेम्टोसेकंद लेझर. यात छेद, भिंगावरच्या पिशवीचं गोल तोंड आणि भिंगाचे तुकडे यंत्र करतं. पुढे तुकडे काढायला अल्ट्रासाउंडची सुई लागतेच. ब्रिटन आणि फ्रान्समधल्या मोठ्या चाचण्यांत त्यानं अंतिम दृष्टी साध्या फेकोपेक्षा चांगली मिळाल्याचं दिसलं नाही. पैशाची ओढाताण असेल तर सगळ्यात आधी हा खर्च वगळा.

लेन्स: खरा निर्णय इथे आहे

पद्धतीवर घराघरांत वाद होतात, आणि काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायची कृत्रिम लेन्स पाच मिनिटांत ठरते. व्हायला हवं उलटं. पद्धतीचं काम अर्ध्या तासात संपतं, लेन्स जन्मभर डोळ्यात राहते.

आईला आधी एका रुग्णालयात नेलं होतं, नाव सांगत नाही. काउन्सेलरनं टेबलावर तीन पॅकेजचा कागद ठेवला आणि सगळ्यात महागड्या ओळीवर पेन टेकवला. "प्रीमियम घ्या, काकूंचा चष्मा कायमचा जाईल." आई काय काम करते, हे तिथे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

"काकू, दिवसभर काय करता?"

"साडीला फॉल लावते, काज-बटणं करते. पहाटे ज्ञानेश्वरी."

"चष्मा लावून, की काढून?"

"काढून. जवळचं मला काढूनच दिसतं."

आईला कॉलेजपासून मायनस साडेतीनचा नंबर. लांबचं बघायला चष्मा नाकावर, सुईत दोरा ओवायला कपाळावर, असं तिचं पन्नास वर्षं चाललेलं आहे. प्रचलित पद्धतीनं लांबचं दिसेल अशी लेन्स बसवली असती, तर रस्त्यावरच्या बसची पाटी बिनचष्म्याची वाचता आली असती आणि सुईचं नेढं दिसेनासं झालं असतं. तिच्यासाठी तो तोटाच. डॉक्टरांनी साधी मोनोफोकल लेन्सच ठरवली, पण तिचा नंबर साधारण 40 सेंटीमीटरवर स्पष्ट दिसेल असा काढला. बाहेर जाताना ती पूर्वीसारखाच चष्मा लावते. दुसऱ्या डोळ्याचा नंबरही मायनसच असल्यामुळे दोन डोळ्यांच्या मधल्या काळात तिला चक्करल्यासारखं झालं नाही.

आता पर्याय एकेक करून. मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर लख्ख दाखवते, बाकीच्यासाठी चष्मा. सरकारी आणि धर्मादाय ठिकाणी सहसा हीच बसवतात, आणि प्रतिमेच्या स्पष्टतेत ती कुठेही उणी नाही. मल्टिफोकल लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवते, पण येणारा प्रकाश वाटून. त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात आणि अंधुक उजेडात उठाव कमी होतो. रात्री गाडी चालवणाऱ्यानं दोनदा विचार करावा. काचबिंदू, मधुमेहानं खराब झालेला डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) किंवा त्या पडद्याच्या मध्यभागाचा, मॅक्युलाचा, आजार असेल तर बहुतेक डॉक्टर ती नको म्हणतात, आणि जे म्हणत नाहीत त्यांना कारण विचारा. ईडॉफ लेन्स या दोघींच्या मधली: लांबचं आणि हातभर अंतरावरचं, म्हणजे कॉम्प्युटर, ताट, गाडीचा मीटर. बारीक अक्षराला बऱ्याचदा चष्मा लागतोच. टोरिक लेन्स सिलिंड्रिकल नंबर घालवते. तो नंबर मुळात जास्त असेल तर या एका गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजणं मला योग्य वाटतं.

काकांना लांबचं स्पष्ट हवं होतं: बांधावरून विहिरीवरची मोटर चालू आहे की बंद, ते दिसायला हवं. लांबची मोनोफोकल, वाचायला अडीचचा चष्मा. विषय संपला.

"भारतीय लेन्स नको, इम्पोर्टेडच टाका" असं सांगणारे भेटतील. मदुराईच्या ऑरोलॅबनं 1992 पासून लेन्स बनवायला घेतल्या, त्यांच्या किमती खाली आणल्या आणि त्या जगभर जातात. देशापेक्षा नंबर कसा मोजला हे महत्त्वाचं. डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजणारी बायोमेट्री जितकी अचूक, तितका नंबर बरोबर येतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजणीच्या काही दिवस आधीपासून त्या बंद ठेवाव्या लागतात.

ऑपरेशनचा दिवस

आईला फक्त थेंबांनी बधिर केलं, काकांना डोळ्याभोवती इंजेक्शन दिलं. थेंबांमध्ये डोळा हलू शकतो, म्हणून सांगितलेल्या दिव्याकडे बघत स्थिर राहावं लागतं, पण लगेच घरी जाता येतं आणि पट्टीही बऱ्याचदा लागत नाही. इंजेक्शनची क्षणभर कळ येते, नंतर काही जाणवत नाही. पट्टी दुसऱ्या दिवशी सोडतात. घाबरट, ऐकू न येणाऱ्या किंवा खोकणाऱ्या माणसाला इंजेक्शन बरं पडतं. आई म्हणाली, "दुखलं नाही. रंगीत उजेड पाण्यात हलावा तसं दिसत होतं."

एक गोष्ट मात्र विसरू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन ही गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर ती डॉक्टरांना आधीच सांगा. तिनं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, म्हणजे आयरिस, ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये मध्ये येतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीनं बसतात. काकांनी ही गोळी 'डोळ्याशी काय संबंध' म्हणून सांगितलीच नव्हती, त्यांच्या पिशवीतल्या पाकिटावर मी ती वाचली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. साखर आणि बीपी आटोक्यात नसेल तर तारीख पुढे जाते, तेव्हा चिडू नका.

नंतरचा महिना

आईला दुसऱ्या सकाळीच स्वच्छ दिसलं. गॅसच्या ओट्यामागची टाइल बघून ती म्हणाली, "इतकं तेलकट होतं आणि कुणी सांगितलं नाही?" पांढरी साडी तिला निळसर वाटली. जुनं भिंग पिवळं पडलेलं असतं, ते निघालं की निळा रंग परत येतो. काकांना पहिले चार दिवस धुरकट होतं, डोळा लाल होता, कण गेल्यासारखं टोचत होतं. कडक मोतीबिंदूनंतर कॉर्नियाला सूज असते, ती आठ-पंधरा दिवसांत उतरते. या चार दिवसांत घरच्यांनी तुलना करून माणसाला घाबरवू नये. महिन्याभरानं दोघंही सारखीच मजेत होती.

थेंब हे खरं कष्टाचं काम आहे. सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, मग आठवड्याला एकेक कमी, असं पाच-सहा आठवडे. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि प्रत्येक थेंबाला टिंब दिलं. माणसाला आडवं करायचं, खालची पापणी बोटानं ओढून खिसा करायचा, थेंब त्यात सोडायचा, बाटलीचं तोंड कुठेही टेकवायचं नाही. दोन औषधांत पाच मिनिटं. स्टिरॉइडचा थेंब बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचा नाही.

डोक्यावरून पाणी, डोळा चोळणं, जड उचलणं, चुलीचा धूर, गोठा आणि माती, यांची मुदत डॉक्टर सांगतील ती. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. टीव्ही बघून, वाचून काही बिघडत नाही. 'आंबट नको, वांगं नको' याला आधार नाही, मधुमेहाचं पथ्य तेवढं पाळा. चष्म्याचा पक्का नंबर चार ते सहा आठवड्यांनी काढतात, त्याआधी चष्मा करून पैसे घालवू नका.

वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढली, लाली वाढली, दिसणं घटलं, तर ती रात्र काढू नका, त्याच क्षणी निघा. आतला जंतुसंसर्ग हजारात एखाद्याला होतो, पण झाला तर तास मोजावे लागतात. चमकणारे प्रकाश, अचानक खूप काळे ठिपके किंवा बाजूनं सावलीचा पडदा आला, तर डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासायलाच हवा. पुढे काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर झालं तर मोतीबिंदू परत आला असं नसतं. लेन्समागची पिशवी धूसर होते, ती याग लेझरनं ओपीडीत काही मिनिटांत मोकळी करतात.

खर्च

सरकारी रुग्णालयात आणि शिबिरांत हे ऑपरेशन मोफत होतं. शिबिरात जाणार असाल तर एकच गोष्ट पक्की करा: दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्यानं तपासणार कोण आणि कुठे. खाजगी विमा असेल तर बहुतेक पॉलिसींमध्ये मोतीबिंदूला दोन वर्षांची प्रतीक्षा असते आणि एका डोळ्यामागे रकमेची मर्यादा. महाग लेन्सचा फरक खिशातून जातो, तो आकडा ऑपरेशनच्या आधी लेखी घ्या.

काकांचा उजवा डोळा अजून राहिलाय. रुग्णालयानं दिलेली तारीख त्यांनी स्वतःच पुढे ढकलून घेतली. दसऱ्यानंतर, सोयाबीनची मळणी उरकली की. धुळीपासून महिनाभर लांब राहायचं म्हणजे काय, हे त्यांनी एकदा अनुभवलं आहे. थेंबांसाठी मी आत्ताच रजा टाकून ठेवली आहे.