सभासद की खजिनदार, की सरळ एनएसएस?

माझी भाची यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षाला आहे. परवा तिचा फोन आला. "मावशी, मॅडम म्हणून राहिल्या एसएनएसाठी नाव दे. देऊ का नोको? अन् पैसे तर ॲडमिशनच्या वेळीच घेतले ना, मंग आता हे काय?"

एसएनए म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची संघटना. भाचीच्या प्रश्नात दोन गोष्टी मिसळल्या होत्या. पैसे घेतले ते सभासदत्वाचे. नाव मागतात ते काम करण्यासाठी. सभासद जवळपास सगळ्याच असतात, काम चार-पाच जणी करतात. आणि फी दोघींनाही सारखीच.

आधी एक घोळ मिटवते, कारण तो पास होऊन दहा वर्षं झालेल्यांचाही असतो. नर्सिंग कौन्सिल वेगळं आणि असोसिएशन वेगळी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल मुंबईला आहे, ते 1966 च्या कायद्यानं चालतं. पास झाल्यावर तिथं नोंदणी करावीच लागते, त्याशिवाय नर्स म्हणून नोकरी करता येत नाही. तिथं निवडीचा प्रश्नच नाही. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे टीएनएआय, ही मात्र नर्सेसनी स्वतःची म्हणून उभी केलेली संस्था, 1908 सालची. तिचीच विद्यार्थी शाखा म्हणजे स्टुडंट नर्सेस असोसिएशन, एसएनए, 1929 पासूनची. हिच्यात किती गुंतायचं ते आपल्या हातात.

नुसतं सभासद राहण्याचे फायदे थोडे, पण आहेत. शिक्षण संपलं की ठरावीक मुदतीत एसएनएमधून टीएनएआयच्या आजीव सभासदत्वात जाता येतं, आणि विद्यार्थिनी म्हणून नोंद असेल तर फीत सवलत मिळते. जुन्या सिस्टर रेल्वेच्या सवलतीचं सांगतील, त्यावर जाऊ नका. मार्च 2020 मध्ये रेल्वेनं बहुतेक सवलती बंद केल्या, त्यात नर्सेसचीही गेली.

पण सभासद राहायचं तरी पावती हातात हवी. आमच्या वेळी शाळेनं पैसे घेतले, पावती एकीलाही दिली नाही. पास झाल्यावर मी आजीव सभासदत्वाचा अर्ज करायला गेले, तर आमच्या बॅचची यादीच वर पोचलेली नव्हती. पैसे कुठं गेले, कोणी सांगेना. बाबांनी कापूस विकून भरलेल्या फीतलेच होते ते. भाचीला पहिलं हेच सांगितलं: पावती माग, तिच्यावर सभासद क्रमांक आहे का ते बघ, फोटो काढून मला पाठव.

आता काम करायचं तर कोणतं? एसएनएच्या बहुतेक युनिटमध्ये, म्हणजे शाळेतल्या शाखेत, अध्यक्ष प्राचार्य असतात, एक शिक्षिका सल्लागार असते, आणि उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं मुलींकडे. सगळ्यांचा डोळा सचिवपदावर, कारण स्टेजवर माइक तिच्या हातात. खरं तर सचिव म्हणजे नोटीस लिहिणं, मुलींना होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून बोलावून आणणं, इतिवृत्त लिहून मॅडमची सही घेणं, 12 मेच्या परिचारिका दिनाला हारापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं बघणं. संध्याकाळी पाचला वॉर्डातून सुटून मुली पाय पसरतात, तेव्हा सचिवाची दुसरी ड्युटी सुरू होते. माझी मैत्रीण सचिव होती. भाषणाला उभी राहिली की सगळं सभागृह गप्प व्हायचं, आणि तिचं केसबुक, म्हणजे रुग्णांच्या नोंदींची वही, मात्र परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत अर्धं कोरं.

मी खजिनदार होते, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तरी तेच घेईन. महिन्यातल्या दोन संध्याकाळी पुरतात. शंभर पानी वही, डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च, पावत्या सुईदोऱ्यानं शिवलेल्या. एकदा कार्डशीटचे चाळीस रुपये जुळेनात. रात्री अकरापर्यंत आम्ही तिघी बेरजा करत बसलो आणि शेवटी ती पावती ॲप्रनच्या खिशात धुतलेली, लगदा झालेली सापडली. सल्लागार मॅडमनी तो लगदा वहीत चिकटवायला लावला आणि शेजारी सह्या घेतल्या. तेव्हा हसू आलं होतं. आज ग्रामीण रुग्णालयात वॉर्डाची इन्चार्ज म्हणून इंडेंट (सामानाची मागणी) काढते, डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) जुळवते, तेव्हा ती वही उपयोगी पडते. स्टेजची भीती असलेल्या, मराठी शाळेतून आलेल्या मुलीला हे पद सोसतं.

मराठी शाळेचा विषय निघालाच आहे तर सांगते. टीएनएआयचं मासिक, परिपत्रकं, अधिवेशनातले निबंध, बराचसा कारभार इंग्रजीत चालतो. राज्य पातळीवर स्पर्धा पुण्या-मुंबईकडे असल्या की आपल्याकडच्या मुली रात्रभर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून पोचतात, आणि सकाळी फाडफाड इंग्रजी ऐकून निम्मा धीर तिथंच जातो. हे खोटं नाही. पण पोस्टर आणि प्रदर्शनात आपण मागं पडत नाही, कारण विषय आपल्या दारातला असतो.

आमचं प्रदर्शन सिकलसेलवर होतं, म्हणजे आई-बापाकडून मुलाला येणाऱ्या रक्ताच्या आजारावर. आठवडी बाजारात, बांगड्यांच्या दुकानाशेजारी एक टेबल. पोळ्याला बैल करून उरलेली माती होती, तिच्या रक्तपेशी केल्या, कुंकवाच्या पाण्यानं रंगवल्या. चांगल्या पेशी गोल, आजाराच्या विळ्यासारख्या. एक आजोबा वाकून म्हणाले, "ह्या करंज्या कायच्या होय?" त्या करंज्यांवरूनच आम्ही त्यांना समजावलं: आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी आजार पुढं देऊ शकणारे, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजार घेऊन येईल, म्हणून लग्नाआधी रक्त तपासा. आजोबा गेले आणि तासाभरानं नातवाला घेऊन आले. 2023 पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान आहे, तेव्हा माहितीपत्रकं आता तयारच मिळतात. आम्हाला मातीवर भागवावं लागलं, बरंच झालं म्हणायचं.

"मंग गावातच काम करायचं तर एनएसएस काऊन नाही?" भाचीचा पुढचा प्रश्न. रास्त आहे. एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं शिबिर. जिल्हा परिषदेच्या शाळेत झोपायचं, सकाळी शोषखड्डे खणायचे, संध्याकाळी सर्वेक्षण. तास ठरलेले, प्रमाणपत्र नक्की, आणि पदाचं राजकारण एसएनएपेक्षा कमी. गावाची खरी ओढ असेल आणि मीटिंगचा कंटाळा असेल तर एनएसएसच घ्या. फक्त युनिट आहे का ते आधी विचारा, बी.एस्सी.च्या कॉलेजात असण्याचा संभव जास्त, जीएनएमच्या शाळेत असेलच असं नाही. फरक एवढाच की एनएसएसचा धागा शिक्षणासोबत संपतो. एसएनएची ओळख पुढे नोकरीत येते. बदली होऊन गडचिरोलीला गेले तेव्हा पहिल्या दिवशी जेवायला बोलावणारी सिस्टर मला जुन्या अधिवेशनातलीच भेटली.

दोन्ही एकदम? नको. कम्युनिटी पोस्टिंग, म्हणजे गावात-वस्तीत जाऊन करायची ड्युटी, लागली की दोन्हीकडे खाडे होतात आणि दोन्हीकडचे लोक नाराज.

युनियनचं काम आत्ता डोक्यात घेऊ नका. सरकारी नर्सेसच्या संघटना पगार, बदल्या, भरती यांसाठी लढतात. 2022 च्या मेमध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यभर संप झाला, तो त्यांचा. एसएनए कधी संपावर जात नाही, स्टायपेंड वाढवून देण्याची ताकदही तिच्यात नाही. त्या अपेक्षेनं आलात तर सहा महिन्यांत चिडाल. नोकरी लागल्यावर टीएनएआय आणि युनियन, दोन्हीकडं राहता येतं, मी राहते.

राहता राहिलं केव्हा घ्यायचं ते. पहिल्या वर्षी नुसतं सभासद राहून बघा, पाहुण्यांच्या चहाला हात लावा, बस. पद दुसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षाला प्रसूतीचं पोस्टिंग असतं, आणि बाईला कळा सुरू असताना मीटिंग आहे म्हणून लेबर रूम सोडता येत नाही.

भाचीचा मेसेज आला काल. नाव दिलं नाही म्हणते, पुढच्या वर्षी खजिनदाराला बघते. पावती मागितली तर क्लार्क म्हणाला, सोमवारी ये. सोमवारी पुन्हा जा म्हटलं, आणि सोबत दोन मैत्रिणी ने.